जुन्या वसाहतकालीन घरांतल्या वस्तूंची फेरतपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेल्या पहिल्या घरांच्या जागा बऱ्याच आधी खणून झाल्या आहेत. त्यातून निघालेली खोकी आता पुन्हा उघडली जात आहेत. या विषयावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरीची जॉन आल्डनच्या घराची जागा घेतली आहे. गरज पडेल तिथे व्हर्जिनियातलं जेम्सटाउन येतं.

१. हा जॉन आल्डन कोण, आणि त्याच्या घराचं एवढं कौतुक कशाला?

१६२० साली इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ जहाजातून मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला येऊन वसलेल्यांपैकी तो एक. धंद्याने लाकडी पिंपं बांधणारा. त्या काळी जहाजावर पाणी, बिअर, खारवलेलं मांस सगळं पिंपांतच असायचं, म्हणून त्याला कामावर घेतलं होतं. परत जायची मुभा असूनही तो तिथेच राहिला. प्रिसिला मलिन्सशी लग्न केलं, दहा मुलं झाली. १६२७ नंतर जमिनीची वाटणी झाली तेव्हा प्लिमथच्या उत्तरेला डक्सबरीत त्याने बिऱ्हाड हलवलं. १६८७ साली तो वारला. अमेरिकेचे दोन अध्यक्ष, जॉन अॅडम्स आणि जॉन क्विन्सी अॅडम्स, त्याचे वंशज.

१८५८ मध्ये आलेल्या एका दीर्घकाव्याने जॉन-प्रिसिलाची जोडी घराघरात पोचवली. त्यामुळे हे घर पुरातत्त्वाच्या आधी कुळाच्या अभिमानाचा विषय झालं. त्याचा त्रास कसा होतो ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

२. तिथे खणलं कुणी, आणि काय निघालं?

१९६० साली रोलंड वेल्स रॉबिन्स यांनी. विद्यापीठात न शिकलेला, स्वतःच्या कष्टाने या कामात उतरलेला माणूस. वॉल्डन तळ्याकाठी लेखक थोरोच्या झोपडीची जागा १९४५ मध्ये त्यांनीच शोधली होती, आणि सॉगसच्या सतराव्या शतकातल्या लोखंडाच्या कारखान्याचं उत्खननही त्यांचंच. डक्सबरीत त्यांना दगडी पाया लागला: ३८ फूट लांब आणि जेमतेम साडेदहा फूट रुंद. एका टोकाला दगडी तळघर. आगगाडीच्या डब्यासारखं हे लांब-अरुंद घर पाहून इंग्लंडमधल्या घरांची सवय असलेले अभ्यासकही बुचकळ्यात पडले.

आज पर्यटक जे लाकडी ‘आल्डन हाउस’ बघतात ते हे नव्हे. ते जवळच उभं आहे. परंपरा त्याला १६५३ चं मानते. अलीकडे बांधकामाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते १७०० च्या आसपासचं ठरवलं आहे.

३. एकदा खणलं, वस्तू संग्रहालयात गेल्या. मग पुन्हा तपासायचं काय राहतं?

खापरी तीच राहते, तिला विचारायचे प्रश्न बदलतात. १९६० मध्ये भोक मोजून चिलमीची तारीख काढायची पद्धत अगदी नवी होती (प्रश्न ७). इंग्लंडमधल्या कुंभारवाड्यांचं उत्खनन पुढच्या काही दशकांत झालं, त्यामुळे कोणती माती कुठली हे आता बरंच नेमकं सांगता येतं. शिवाय तेव्हाचा खणणारा घराचा आकार आणि मालक शोधत होता. आजचा अभ्यासक विचारतो की जेवण काय होतं, भांडी कुठून आली, शेजारचे मूळ रहिवासी या घरात ये-जा करत होते का.

माझ्या मते फेरतपासणीतलं सर्वांत मोलाचं काम वस्तूंपेक्षा कागदांचं असतं. वस्तू नेमकी कुठे आणि किती खोलीवर मिळाली हे हरवलं असेल, तर उत्तम यंत्र आणूनही फारसं हाती लागत नाही.

४. यासाठी जागा पुन्हा खणतात का?

शक्यतो नाही. उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करत वाचणं. वाचलेलं पान परत मिळत नाही. आधी खोकी, मग कागद, आणि तरीही प्रश्न उरला तर अगदी छोटा चर.

अपवाद आहेत. जेम्सटाउनमध्ये कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घराच्या जागेवर १९३० च्या दशकात एकदा काम झालं होतं. अलीकडे ती जागा पुन्हा उघडली गेली, कारण प्रश्नच बदलला होता. त्या घरात अँजेला नावाची आफ्रिकन स्त्री राबत होती. अंगोलातून निघालेलं पोर्तुगीज गुलामवाहू जहाज १६१९ मध्ये इंग्रज लुटारूंनी लुटलं, आणि तिथून ती व्हर्जिनियात पोचली. १६२४ आणि १६२५ च्या वस्तीच्या याद्यांत तिचं नाव आहे. त्याआधी तिथे खणणाऱ्या कुणाच्या मनात तिचा प्रश्नच नव्हता.

५. तपासणीची सुरुवात प्रत्यक्षात कुठून होते?

टेबलावर पसारा मांडण्यापासून. जुनी खोकी म्हणजे कागदी पिशव्या, सिगारचे डबे, आत पिवळी पडलेली चिठ्ठी. लोखंडाच्या गंजाने चिठ्ठीचा अर्धा भाग खाल्लेला असतो. खापरीच्या आतल्या बाजूला पातळ वार्निश लावून त्यावर काळ्या शाईने क्रमांक घातलेला असतो. तो क्रमांक नोंदवहीशी, नोंदवही नकाशाशी आणि नकाशा फोटोंशी जुळवायचा.

इथेच पहिले घोटाळे निघतात: एकाच क्रमांकाच्या दोन खापऱ्या, किंवा ‘तळघर’ एवढंच लिहिलेली पिशवी. तळघराच्या तळाशी की वरच्या भरावात? यातल्या फरकावर पन्नास-शंभर वर्षांचा हिशेब फिरू शकतो. प्रदर्शनासाठी चांगल्या वस्तू वेगळ्या काढल्या असतील, तर त्या कुठल्या पिशवीतल्या हेही शोधावं लागतं.

डक्सबरीतच, मेफ्लॉवरमधूनच आलेल्या माइल्स स्टँडिश या वसाहतीच्या लष्करी प्रमुखाच्या घराची जागा जेम्स हॉल या अभियंत्याने १८६० च्या दशकात खणली होती, आणि कुठली वस्तू कुठे मिळाली याचा नकाशा काढला होता. त्या काळी अशी शिस्त विरळाच. शंभरेक वर्षांनी तो नकाशा वंशजांकडून अभ्यासकांच्या हाती आला, तेव्हा संग्रहालयातल्या मुक्या वस्तूंना पुन्हा जागा मिळाली. म्हणून विनंती: आजोबांच्या ट्रंकेत अशा कामाचे कागद असतील तर रद्दीत घालू नका.

६. खापरीवरून साल कसं कळतं?

प्रत्येक प्रकारच्या भांड्याचं उत्पादन कधी सुरू झालं हे बऱ्यापैकी ठाऊक असतं. पांढऱ्या झिलईवर निळी चित्रं असलेलं डेल्फ्ट, मानेवर दाढीवाल्याचा चेहरा असलेले जर्मन बुधले, नॉर्थ डेव्हनची कोरीव नक्षीची भांडी ही सतराव्या शतकातल्या घरांत नेहमी मिळतात. मीठ टाकून दगडासारखं कडक भाजलेलं पांढरं मातीचं भांडं १७२० च्या सुमारास येतं. क्रीमवेअर, म्हणजे साईच्या रंगाची इंग्रजी भांडी, १७६० च्या दशकात.

नियम साधा आहे: एका बंद थरातली सर्वांत उशिराची वस्तू त्या थराची तारीख ठरवते. तो थर तिच्याआधी बंद झालेला असूच शकत नाही. बाकी शंभर खापऱ्या कितीही जुन्या असोत. नियम साधा असला तरी फसवा आहे. अपवाद प्रश्न ९ मध्ये.

७. चिलमीच्या नळीचं भोक मोजून तारीख काढतात हे खरं की थट्टा?

खरं आहे. पांढऱ्या मातीच्या लांब नळीच्या इंग्रजी चिलमी स्वस्त होत्या, पटकन मोडत आणि फेकल्या जात. काळ पुढे सरकला तशा नळ्या लांबत गेल्या आणि भोक बारीक होत गेलं. पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिलं. मोजमाप इंचाच्या चौसष्टाव्या भागात, आणि साधन म्हणजे ड्रिलची पाती. जी पाती भोकात घट्ट बसेल तो आकडा. १६२० ते १६५० मध्ये साधारण ८, १६५० ते १६८० मध्ये ७, त्यानंतर १७१० पर्यंत ६, असा उतरता क्रम.

पुढे लुईस बिनफर्ड यांनी सूत्र दिलं: वर्ष = १९३१.८५ − (३८.२६ × भोकांची सरासरी). समजा ४० तुकडे आहेत: ६ तुकड्यांचं भोक ९, २२ चं ८, १२ चं ७. सरासरी ७.८५, म्हणजे साल सुमारे १६३२. आता त्याच जागेवर नंतरच्या कुटुंबाचे, भोक ६ असलेले ४० तुकडे मिसळले असतील आणि ते वेगळे न काढता सगळे एकत्र मोजले, तर सरासरी ६.९२५ होते आणि साल येतं १६६७. आजोबा आणि नातवाच्या वयाची सरासरी काढून घरात एक मधल्या वयाचा माणूस राहतो म्हणावं, तसला हा प्रकार. १६६७ मध्ये तिथे कुणीच राहत नसेल, असंही शक्य आहे.

म्हणून फेरतपासणीत एकच सरासरी न काढता प्रत्येक थराचा वेगळा आलेख काढतात. दोन वेगळी टेकाडं दिसली की दोन काळ. तुकडे थोडे असतील, डच चिलमी मिसळल्या असतील किंवा काळ १७८० च्या पुढचा असेल, तर सूत्र बाजूला ठेवावं.

८. कार्बन-१४ मोजून वय काढणं सोपं नाही का?

या काळासाठी नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे वातावरणातल्या कार्बनचा आलेख इतका वळणावळणाचा आहे की एकाच नमुन्याला तीन-चार शक्य कालखंड मिळतात. १६३० की १६८०, हे ठरवायला साधा ड्रिल संच जास्त उपयोगी. घराचं लाकूड शिल्लक असेल तर मात्र झाडाच्या वर्तुळांवरून नेमका अंदाज येतो. डेडहॅमचं फेअरबँक्स हाउस १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचं आहे हे तसंच समजलं.

९. सतराव्या शतकाच्या तळघरात क्रीमवेअरचा तुकडा निघाला. मग घर अठराव्या शतकातलं समजायचं का?

एवढ्यावरून नाही. या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडले आहेत.

पहिला, घर बांधलं कधी आणि तळघर बुजवलं कधी. घर मोडल्यावर रिकामं तळघर हा गावाचा उकिरडा होतो. भरावातलं क्रीमवेअर बुजवण्याची तारीख सांगतं, बांधण्याची नाही. बांधकामाची तारीख हवी तर पायाच्या दगडांखाली, बांधतानाच्या चरात काय अडकलं आहे ते बघावं लागतं, आणि जुन्या उत्खननात नेमकं तेवढंच नीट नोंदलेलं नसतं.

दुसरा, तुकडा तिथे पोचला कसा. घुशीचं बीळ, झाडाचं मूळ, नांगराचा फाळ, किंवा स्वतः खणणाऱ्याच्या चराची ढासळलेली कड. एकुलता एक उशिराचा तुकडा असेल आणि त्याच थरात दुसरा एकही नसेल, तर मी आधी पिशवीवरच्या चिठ्ठीवर संशय घेईन.

तिसरी बाजू उलट्या दिशेची. जुनी वस्तू नवीन घरात सहज सापडते. इंग्लंडहून आणलेला चांगला बुधला दोन पिढ्या वापरला जातो आणि नातवाच्या हातून फुटतो. त्यामुळे १६२० च्या धाटणीचा तुकडा मिळाला म्हणून घर १६२० चं ठरत नाही. ‘मेफ्लॉवरमधून आलेली वस्तू’ असं लेबल दिसलं की हा मुद्दा आठवावा.

१०. गंजलेल्या लोखंडाच्या गोळ्यांतून काही मिळतं का?

भरपूर. जुन्या उत्खननात ‘लोखंड, ओळख नाही’ म्हणून बाजूला ठेवलेल्या ढेकळांचा क्ष-किरण फोटो काढला की आत खिळा, किल्ली, कुलपाचा भाग, कधी बंदुकीचा चाप दिसतो. गंज खरवडायची गरज पडत नाही, आणि खरवडूही नये. कधी कधी वस्तूचा मूळ आकार गंजाच्या कवचातच टिकलेला असतो, आत धातू उरलेलाच नसतो. तांब्या-पितळेच्या पत्र्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र वापरतात, ते धातूत काय काय मिसळलं आहे ते सांगतं. युरोपीय किटलीचा पत्रा कापून मूळ रहिवाशांनी बाणाची टोकं बनवली, हे अशा तपासणीतून पक्कं होतं.

११. हे घर आल्डनचंच कशावरून?

दस्तऐवज जमीन कुणाची ते सांगतात, खापऱ्या आणि चिलमी काळ सांगतात. दोन्ही एकमेकांना धरून असतील तर ओळख पटली म्हणतात. ही जागा आणि उभं असलेलं घर, दोन्ही मिळून २००८ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली.

पण प्रसिद्ध नावाची एक खोड असते: सगळ्या वस्तू त्या नावाभोवती गोळा होतात. चमचा मिळाला की तो ‘आल्डनचा चमचा’. तो प्रिसिलेचा, एखाद्या मुलीचा किंवा नोकराचा का नसावा? दहा मुलांच्या घरात मोडलेल्या खेळण्यापासून दुधाच्या भांड्यापर्यंत बहुतेक वस्तू बायकामुलांच्या हातातल्या असणार. लेबल बदलायला यंत्र लागत नाही, तरी तेच काम सर्वांत जड जातं, कारण वंशजांच्या भावना गुंतलेल्या असतात.

१२. टाचण्या, मणी, माशांचे काटे यादीत नाहीत. म्हणजे ते लोक मासे खात नव्हते?

समुद्रकाठी राहून? जुन्या काळी बरीच माती चाळणीतून काढलीच जात नसे. फावड्याला जे दिसलं ते ठेवलं. आता पाव इंची चाळणी सर्रास वापरतात, आणि बारीक दाणे व काट्यांसाठी माती पाण्यात घालून तरंगवतात. शिवाय विटांचे तुकडे आणि हाडं जागेवरच टाकून देण्याची पद्धत होती. त्यामुळे जुन्या संग्रहात ‘नाही’ या उत्तराला अर्थ नसतो. ‘आहे’ला असतो.

१३. या जागा मूळ रहिवाशांच्याच होत्या ना? त्यांच्या वस्तूंचं काय?

प्लिमथ वसलं ते वाम्पानोआग या मूळ रहिवाशांच्या पटक्सेट गावाच्या जागेवर. साथीच्या रोगाने ते गाव नुकतंच ओस पडलं होतं. त्यामुळे इंग्रजी घराच्या खोक्यात दगडी पाती आणि हाताने घडवलेल्या मडक्यांची खापरं निघणं साहजिक आहे. जुन्या याद्यांत ती ‘इंडियन’ म्हणून एका ओळीत गुंडाळलेली असतात. काही त्या घराच्या शेकडो वर्षं आधीची असतात, काही समकालीन. ती वेगळी करणं हा फेरतपासणीचा मोठा भाग आहे. मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू असतील, तर अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानुसार संबंधित जमातीला कळवावं लागतं आणि मागणी आल्यास परत द्याव्या लागतात.

थर कुणाचा हे ओळखायला कधी कधी एखादं जनावरही पुरतं. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेच्या चमूला प्लिमथच्या बरिअल हिलवर एक अख्खं पुरलेलं वासरू सापडलं. मूळ रहिवासी गुरं पाळत नव्हते, म्हणजे पुरणारे वसाहतवालेच. मूळ वस्तीचा तो भाग असल्याची खूण त्यातून पक्की झाली.

१४. पूर्वीची समजूत पार उलटली असं एखादं उदाहरण?

जेम्सटाउन. १६०७ चा किल्ला नदीने गिळला असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. आधीच्या उत्खननांत चर्चच्या आसपास अगदी सुरुवातीच्या काळातल्या वस्तू मिळाल्या होत्या, पण किल्ला नाहीच म्हटल्यावर त्यांचा अर्थ कोण लावणार? पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी १९९४ मध्ये तिथेच खणायला घेतलं आणि कुंपणाच्या खांबांचे मातीतले डाग मिळाले. किल्ल्याचा बहुतेक भाग जमिनीवरच होता.

१५. आपल्याकडचं काही तिथे सापडतं का?

क्वचित, आणि तेव्हा जपूनच बोलावं. ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउनच्या एका फळबागेत येमेनमध्ये १६९३ साली पाडलेलं चांदीचं नाणं मिळालं. १६९५ मध्ये इंग्रज समुद्री चाचा हेन्री एव्हरीने हजहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटलं, त्या लुटीशी ते जोडलं जातं. शक्यता चांगली आहे. पण एका नाण्यावर कहाणी तोलताना प्रश्न ११ मधली खोड विसरू नये.

१६. आमच्या वसईच्या वाडीत जुन्या खापऱ्या निघतात. घरीच धुऊन ठेवल्या तर चालतील का?

वसई १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा तिथे युरोपीय आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले तर नवल नाही. संरक्षित किल्ल्याच्या आवारातून काहीही उचलू नका. स्वतःच्या जमिनीत नाणी किंवा मौल्यवान ऐवज निघाला तर १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या कायद्यातली मर्यादा आजही दहा रुपयांची आहे! खापऱ्या धुण्याआधी जागेवर पट्टी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, प्रत्येक जागेची पिशवी वेगळी ठेवा आणि पिशवीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई पुसते, पेन्सिल टिकते.

१७. बॉस्टनला मुलीकडे जातोय. यातलं काय बघता येईल?

प्लिमथचं पिल्ग्रिम हॉल संग्रहालय १८२४ पासून आहे. वस्तू बघायच्या तर तिथेच जा. ‘प्लिमथ पटक्सेट’मध्ये इंग्रजांचं गाव आणि वाम्पानोआग वस्ती उभी केली आहे. डक्सबरीचं आल्डन हाउस हंगामात उघडं असतं, वेळ आधी बघून घ्या. १९६० च्या पायाची जागा तिथून चालत जाण्याजोगी आहे. फार काही उभं नाही. ३८ फूट मनात मोजावे लागतात.